जांभळाच्या मधातही साखरच

महाबळेश्वर भागात मध फुलोऱ्याच्या नावाने विकला जातो: जांभूळ, कारवी, हिरडा. यातला जांभळाचा मध मधुमेहींना चालतो, अशी समजूत बरीच रूढ आहे. जांभळाच्या बियांची पूड मधुमेहावर घेतात, मग त्याच झाडाचा मधही गुणकारी असणार, असा त्यामागचा हिशेब. तो अगदीच बिनबुडाचा नाही. मकरंदाबरोबर झाडाची रसायनंही पोळ्यात येतात. क्वेर्सेटिन, केम्फेरॉल यांसारखी फ्लॅवोनॉइड्स आणि कॅफेइक, गॅलिक यांसारखी आम्लं मधात सापडतात, आणि गडद मधात ती साधारणपणे जास्त असतात. घोडं अडतं ते प्रमाणापाशी. 100 ग्रॅम मधात साखर 80 ग्रॅमच्या आसपास आणि पाणी 17-18 ग्रॅम. उरलेल्या चिमूटभरात प्रथिनं, खनिजं, आम्लं आणि ही रसायनं. तीही मिलिग्रॅममध्ये मोजायची. जांभळाच्या मधात फुलाची खूण असते, हे मान्य. पण रक्तात उतरणारं फ्रुक्टोज आणि ग्लुकोज त्यामुळे कमी होत नाही.

यावर कुणी म्हणेल, मध खाऊन रक्तातली अँटिऑक्सिडंट्स वाढल्याचं प्रयोगात दिसलंय की! दिसलंय, खरं आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2004 मध्ये तसा अभ्यास मांडला. पण त्यात लोकांनी रोज जवळपास चार मोठे चमचे बकव्हीटचा, म्हणजे कुट्टूचा मध खाल्ला होता. तेवढ्या मधात साठ ग्रॅमहून जास्त साखर येते. जागतिक आरोग्य संघटना मधातली साखरही वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरते आणि प्रौढांना दिवसाला साधारण 50 ग्रॅमची मर्यादा सांगते. शिवाय रक्तातला एक आकडा वाढला म्हणजे आजार टळला, असं होत नाही. तीच रसायनं कपभर बिनसाखरेच्या चहातून किंवा मूठभर जांभळांतून कितीतरी स्वस्तात मिळतात.

खोकल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे आजीचं चाटण जिंकतं. इस्रायलमध्ये 2012 साली लहान मुलांवर झालेल्या चाचणीत निलगिरी, लिंबूवर्गीय आणि पुदिना-तुळशीच्या कुळातल्या फुलांचा मध रात्री झोपण्यापूर्वी दिला, तर काहींना तसाच दिसणारा खजुराचा पाक. तिन्ही मध पाकापेक्षा सरस ठरले. पाकही गोडच होता, तेव्हा नुसत्या गोडव्याने काम भागत नाही हे उघड आहे. पण तीन वेगळ्या कुळांतली फुलं असूनही गुण सारखाच आला, म्हणून श्रेय अमुक एका फुलाच्या रसायनाला देणंही घाईचं ठरेल.

फुलाचं रसायन नेमकं पकडता आलं ते न्यूझीलंडच्या मानुका मधात. त्यातलं मिथाइलग्लायॉक्सल जंतू मारतं, आणि ते मकरंदातल्याच एका घटकापासून तयार होतं. पण तो गुण मुख्यतः जखमेवर लावण्याच्या कामाचा. आणि झाडातून आलेलं सगळं हितकारकच असतं, असंही नाही. तुर्कस्तानात काळ्या समुद्राकाठी ऱ्होडोडेंड्रॉनच्या मधातलं ग्रेयानोटॉक्सिन रक्तदाब आणि नाडी इतकी खाली आणतं की माणसाला इस्पितळात न्यावं लागतं.

तेव्हा मध चवीसाठी खा, खोकल्याला चमचाभर घ्या. मधुमेह असेल तर जांभळाचा मधही साखरेत मोजा. आणि एक वर्षाखालच्या बाळाला, बॉट्युलिझमच्या धोक्यामुळे, कोणताच मध चाटवू नका.