बिनतारी दीपस्तंभ

समुद्रकांठचा दीपस्तंभ नाविकाला कोणतीहि बातमी सांगत नाहीं. तो ठराविक अंतरानें उजळतो, एवढेंच. परंतु तेवढ्यानें नाविकाला आपला मार्ग कळतो. बिनतारी विद्येंतहि असे दीपस्तंभ आहेत. त्यांना ‘बीकन’ म्हणतात. कित्येक हौशी मंडळी ते घरींच तयार करतात, आणि त्यांचें संकेतनाम लघुलहरींवर अहोरात्र उमटत राहतें. त्यांची शक्ति इतकी अल्प असते कीं, शेंकडों मैलांवर ते ऐकूं येतात हें प्रथम खरेंच वाटत नाहीं.

अमेरिकेंतील उदाहरण घेऊं. तेथें १३.५५३ ते १३.५६७ मेगॅहर्ट्झ या पट्ट्यांत, लहरींची तीव्रता मर्यादेंत राहिल्यास, विनापरवाना प्रक्षेपण करतां येतें. साधी द्विध्रुवी तार जोडली तर यंत्राची शक्ति त्या हिशेबानें पांच मिलिवॉटांच्या आंतच ठेवावी लागते. विजेरींतील लहानसा बल्बहि याच्या शंभरपट वीज घेतो! यंत्र तरी केवढें? क्वार्ट्झचा एक स्फटिक, एकदोन ट्रॅन्झिस्टर, संकेत मोजून देणारी एक चिप आणि सुमारें साडेदहा मीटर लांबीची तार.

ही क्षीण हांक दूर पोंचते याचें पहिलें कारण आकाशांत आहे. वातावरणाच्या उंच भागांत सूर्यकिरणांनीं विद्युद्भारित झालेले थर असतात. ते लघुलहरींना पुन्हां पृथ्वीकडे वळवितात. एडवर्ड ॲपलटन यांनीं १९२४ सालीं प्रयोगानें त्यांचें अस्तित्व सिद्ध केलें. १९४७ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

दुसरें कारण संथपणा. मोर्स लिपींतील बिंदु एरवीं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत संपतो. येथें तो तीन, सहा किंवा दहा सेकंद लांबवितात. आकाशांतील खरखर सर्व आवर्तनांवर पसरलेली असते. पांचशें हर्ट्झ रुंदीच्या खिडकीऐवजीं अर्ध्या हर्ट्झच्या फटींतून पाहिलें, तर खरखर हजारपट कमी आंत येते, संकेत मात्र पुरता येतो. परंतु फट जितकी अरुंद तितका तिला प्रतिसाद द्यावयास वेळ लागतो. म्हणून संकेतालाहि थांबून राहणें भाग पडतें. असा संकेत कानानें ऐकावयाचा नसून डोळ्यांनीं पाहावयाचा असतो. संगणकाच्या पडद्यावर तो बारीक रेघांनीं उमटतो. हेंच तत्त्व पुढें नेऊन नोबेल पारितोषिकाचे मानकरी जोसेफ टेलर यांनीं २००८ सालीं ‘विस्पर’ ही पद्धति प्रचारांत आणली. तींत एक छोटा संदेश पाठविण्यास जवळजवळ दोन मिनिटें लागतात.

आतां विश्वासाचा प्रश्न. संकेतनाम आधींच ठाऊक असलें, म्हणजे पडद्यावरील विखुरलेल्या ठिपक्यांतहि तीं अक्षरें दिसूं लागतात. शिवाय याच पट्ट्यांत कार्डें वाचणारीं उपकरणें व कारखान्यांतील तापविण्याचीं यंत्रें चालतात, आणि घरांतील एलईडी दिवे व चार्जर आपली भर घालतात तें वेगळेंच. म्हणून तीन कसोट्या लावाव्या. एरियल काढतांच रेघ नाहींशी झाली पाहिजे. घरांतील उपकरणें बंद केल्यावरहि ती टिकली पाहिजे. आणि संपूर्ण संकेत निदान दोन फेऱ्यांत सारखाच वाचतां आला पाहिजे. रेघ किंचित् झुकली म्हणून मात्र ती टाकून देऊं नये. ऊन्ह चढलें कीं यंत्रांतील स्फटिक तापतो आणि त्याचें आवर्तन थोडें सरकतें.

इतका काटेकोरपणा कशाला, असें कोणी विचारील. बीकन दररोज त्याच शक्तीनें, त्याच जागेवरून हांक देतो. म्हणून ग्रहणांत जो फरक पडतो, तो बहुतांशीं आकाशाचा असतो. दिवस-रात्र, ऋतु आणि सूर्यावरील डागांचें सुमारें अकरा वर्षांचें चक्र यांचा परिणाम त्या साध्या नोंदवहींत उतरतो. मात्र त्यासाठीं ‘आज कांहीं दिसलें नाहीं’ ही नोंदहि तितक्याच निष्ठेनें व्हावयास पाहिजे. केवळ यशाच्याच नोंदी ठेवल्या, तर मार्ग केव्हां उघडला आणि केव्हां मिटला हें कळणार कसें?

वरील सवलत अमेरिकेच्या कायद्याची आहे. भारतांत हौशी प्रक्षेपण करावयाचें तर केंद्र सरकारचा परवाना प्रथम मिळविला पाहिजे. तो हातीं आल्यावर यंत्र लहान असलें तरी चालेल. त्याची हांक मात्र नियमित असावी, आणि ऐकणाऱ्याची वही खरी असावी.