बांगड्याच्या डोळ्यातला मणी

चिनूनं कालवणातल्या बांगड्याच्या डोळ्यातून पांढरा कडक मणी काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"आबा, हा काय?"

"भिंग आहे ते. सकाळी काचेसारखं आरपार होतं. अंड्यातला पांढरा बलक शिजवला की कसा होतो? तसं झालंय बघ."

"पण भिंग चपटं असतं ना?"

"आपल्या डोळ्यातलं चपटं. आपल्याकडे किरण वळवायचं बरंचसं काम बुबुळावरचा पारदर्शक पडदाच करतो. पाण्यात मात्र त्याचं काही चालत नाही, म्हणून विहिरीत डोळे उघडलेस की सगळं धूसर. माशाची सगळी भिस्त या गोटीवर."

"मग काचेची गोटी चालेल?"

"नाही. तिच्या कडेचे किरण अलीकडे जुळतात, मधले पलीकडे, चित्र फिसकटतं. माशाच्या भिंगात कांद्यासारखे पापुद्रे असतात, बाहेर विरळ, आत दाट. वक्रीभवनांक बाहेर १.३८ च्या आसपास, गाभ्यात १.५ च्या वर. म्हणून किरण एकदम मोडत नाही, आतल्या आत हळूहळू वळत जातो. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर पाणी चमकतं ना? तिथेही तापलेल्या विरळ हवेतून किरण असाच वळतो."

चिनूचा घास हातातच राहिला.

"मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञानं १८५४ मध्ये अशाच एका गोलाचं गणित मांडलं. त्याला आजही 'मत्स्यनेत्र' म्हणतात. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपान्यांनी काचेची बारीक कांडी वितळलेल्या क्षारात बुडवून ठेवली. काचेतले काही कण बाहेर गेले, क्षारातले आत आले; कडेला जास्त, मध्यभागी कमी. झाली कांडी मधे दाट, कडेला विरळ! दोन्ही टोकं सपाट, तरी ती भिंगाचं काम करते. किरण तिच्यातून नागमोडी जातो. कांडी किती लांब कापली, त्यावर तो कुठे जुळणार हे ठरतं."

"ती कशाला लागते?"

"लहान झेरॉक्स यंत्रात, स्कॅनरमध्ये अशा कांड्यांची रांगच असते. प्रत्येक कांडी कागदाची आपापली चिंचोळी पट्टी सुलट उतरवते. शरीरात डोकावणाऱ्या बारीक दुर्बिणीतही ती बसते."

दुसऱ्या दिवशी कोळीण आली, तेव्हा चिनू मांजराच्या आधी ओट्यावर हजर होता. एक कच्चा मणी धुऊन त्यानं वर्तमानपत्रावर ठेवला. खालचं बारीक अक्षर टपोरं होऊन वर आलं.

"आबा, मासा वाचायला लागला!"