काळी माती तळाला

पोकलेनचा पहिला घास काळ्या मातीचा असतो. शहाबाद आणि वाडीच्या मध्ये, नव्याने उघडत असलेल्या एका फरशीखाणीच्या काठावर मार्चमधल्या सकाळी मी उभी होते. शेतात तुरीची खुंटं अजून तशीच होती. बकेट खाली गेली, खुंटांसकट माती उचलली आणि चाळीस पावलांवर नेऊन ओतली. दोन हातांवर माती संपली. खालचा पिवळट मुरूम निघाला, तो त्याच मातीवर पडला. त्याखालचा पापुद्रे सुटणारा कच्चा दगड मुरमावर पडला. दुपारी फरशीचा पहिला पक्का थर उघडा झाला, तोवर काळी माती ढिगाच्या पार तळाला गेली होती.

मला हेच बघायचं होतं. माझं माहेर भालकीचं. आमच्या घरातला ओटा, न्हाणी, अंगण, तुळशीचा कट्टा, सगळं शहाबादी फरशीचं. सोलापूर, पुणे, मुंबईच्या घराघरांत हीच फरशी आहे. 1871 साली मुंबई–मद्रास लोहमार्ग रायचूरला जुळला, 1874 मध्ये वाडीहून सिकंदराबादचा निजामाचा फाटा निघाला, आणि या दगडाला बाहेरची वाट मिळाली. फरशीवर बसून जेवलेल्या, अभ्यास केलेल्या, वाळवणं घातलेल्या आपल्या पिढ्या आहेत. ती जिथून उचलली तिथे काय उरलं, हे मात्र मी पन्नाशीपर्यंत पाहिलं नव्हतं.

हा दगड म्हणजे भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक. प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून तयार झालेला, आणि अजूनही वहीच्या पानांसारखा आडवाच. फार नंतर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा पसरला. इथल्या काळ्या मातीत त्या लाव्ह्याच्या झिजेचा वाटा आहे. याच मातीतल्या तुरीच्या डाळीला 2019 मध्ये ‘गुलबर्गा तूर डाळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दोन मोलाच्या गोष्टी इथे एकावर एक ठेवलेल्या आहेत, आणि खालची काढायची तर वरची हलवावीच लागते. हलवण्याला माझी हरकत नाही. कशी हलवतात, तिथे माझा जीव अडकतो.

पक्का थर लागला की खाणीचा आवाज बदलतो. पूर्वी छिन्नीने रेघ मारून घणाने दगड तोडत. आता रुळांवर सरकणारं कटर येतं. त्याचं गोल पातं थरात उभ्या-आडव्या चिरा पाडतं, वर पाण्याची धार सोडलेली असते. जमिनीवर बुद्धिबळाचा पट आखल्यासारखे चौकोन उमटतात. मग दोघंजण चिरेत पहार घालतात आणि अंगाचा भार देतात. थर आपल्या जागेवरून सुटतो तेव्हा एक बारीक, कोरडा आवाज होतो. तो आला की मुकादम मान हलवतो. नाही आला, तर फरशी मधोमध तडकणार हे त्याला आधीच कळलेलं असतं.

तडकलेली फरशी बाजूला जाते. कोपरा उडालेली, जाडी कमी-जास्त झालेली, पिवळी शीर आलेलीही जाते. मी एका जागेवर तासभर नुसती मोजत बसले. चौकोन दहा सुटले की तीन-चार ढिगाकडे जात होते. ही एका खाणीतली एका तासाची गोष्ट, पण ढीग बघितला की ती खरी वाटते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांपेक्षा उंच ढीग आहेत आणि मधल्या जुन्या खाणींत हिरवं पाणी साचलेलं आहे. गावकऱ्यांनी तुटक्या फरश्या वाया जाऊ दिलेल्या नाहीत, हेही सांगायला हवं. चुन्या-सिमेंटाशिवाय नुसत्या एकावर एक रचलेल्या भिंती, शेताची कुंपणं, गोठे, काही घरांची छपरंसुद्धा त्यांचीच. पण गाव किती भिंती बांधणार?

पॉलिशच्या कारखान्यात दुसरा कचरा तयार होतो. लांब हाताच्या मशीनखाली फिरणारा घासदगड, सतत पाणी, आणि फरशीवरून ओघळणारी ताकासारखी पांढरट राड. ती नालीतून खड्ड्यात जाते. वरचं पाणी पुन्हा वापरतात, खालचा गाळ उपसून कडेला टाकतात. तो मी हातात घेतला. ओला असताना लोण्यासारखा, वाळल्यावर पिठापेक्षा हलका. वारा सुटला की तो मशीनवरच्या बाईच्या पापण्यांवर बसतो, पलीकडच्या बाभळीवर बसतो, आणि शेतात उतरतो.

या गाळाला वास नाही, रंग भीतीचा नाही. मूळचा दगडच तो, त्यामुळे घातक कचऱ्याच्या यादीत बसत नाही. तरी मातीला तो जड जातो. बारीक कणांनी मातीची छिद्रं बुजतात, पाणी मुरायच्या ऐवजी वरून वाहतं. शिवाय इथली माती आधीच चुनखडीची. आणखी चुना मिसळला की लोह, जस्त, स्फुरद असूनही पिकाच्या मुळांना ते मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. हीच भुकटी कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत औषध ठरली असती. पण इतक्या स्वस्त वस्तूचं इतक्या लांबचं भाडं कोण भरणार?

शेजारीच सिमेंटचे कारखाने आहेत, त्यांच्या खाणीही याच चुनखडकात. सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल सुमारे 1450 अंशांपर्यंत तापतो. म्हणून घातक कचरा तिथे इंधनासारखा जाळून राख सिमेंटच्या गुठळ्यांत, म्हणजे क्लिंकरमध्ये, जिरवण्याची वाट देशाच्या 2016 च्या नियमांनी मोकळी ठेवली आहे. विषारी कचऱ्याचा इतका विचार झालेला आहे. मातीचाही झालेला आहे, पण अर्धा. सिमेंटसाठी काढलेला चुनखडक मुख्य खनिज ठरतो; त्याच्या खाणींना 2017 चे केंद्रीय नियम लागतात, आणि वरची माती वेगळी काढा, वेगळी साठवा, जमीन पूर्ववत करताना वापरा, असं त्यांत स्वच्छ लिहिलं आहे. तोच खडक फरशी म्हणून निघाला की गौण खनिज होतो आणि राज्याच्या नियमांखाली येतो. दगड तोच, माती तीच. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गौण खनिजांच्या छोट्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं, त्यामागे हीच जाण होती: छोट्या खड्ड्यांची बेरीज छोटी नसते. मला वाटतं, बाकी सगळं नंतर करा, पण तो पहिला घास वेगळा टाका. त्याला नवं यंत्र लागत नाही. पोकलेनवाल्याला फक्त दुसरी जागा दाखवावी लागते.

हे मी मुकादमाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “अक्का, दुसरी जागा म्हणजे डिझेल.” मग जरा थांबून त्याने हात लांबवला, “त्या अप्पांनी ठेवली बघा.”

पलीकडच्या बांधावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. तीन एकरांतलं एक एकर त्यांनी खाणीला दिलं होतं, मुलीच्या लग्नासाठी. पैसे ठरवताना त्यांनी एकच हट्ट धरला: माझी माती माझ्या उरलेल्या रानाच्या कडेला टाकायची, तिच्यावर दगड टाकायचा नाही. ती तिथे होती, कंबरेएवढी उंच, लांबट, काळी. वाहून जाऊ नये म्हणून खालच्या अंगाला त्यांनी तुटक्या फरश्या उभ्या रोवल्या होत्या. ढिगावर मागच्या पावसाळ्यात तूर टोकली होती. तिचीही खुंटं राहिली होती.

“खड्डा भरला की परत पसरणार?” मी विचारलं.

“खड्डा कधी भरतो ते मी बघणार नाही, अक्का. पण माती कुठं आहे ते पोराला ठाऊक पाहिजे.” त्यांनी ढिगातलं एक ढेकूळ उचललं, फोडलं, आत ओल आहे का बघितलं आणि परत जागेवर ठेवलं.