लघुमूर्तींचे मोल : सोंगटीचे किती, मूर्तीचे किती?

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेले मातीचे मावळे सुटी संपली की खोक्यात घालून माळ्यावर टाकले जातात. पुढल्या वर्षी खोके उघडले की कोणाचे हात तुटलेले असतात, कोणाचा रंग उडालेला असतो. त्यांच्या किमतीचा विचार कोणी करीत नाही. इंग्लंड-अमेरिकेत मात्र बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांची, राक्षसांची आणि जादूगारांची एक मोठी बाजारपेठ उभी आहे. टेबलावरच्या युद्धखेळांसाठी तयार होणाऱ्या या लघुमूर्ती लोक वर्षानुवर्षे जमवितात, जपून ठेवतात आणि पुष्कळदा ‘पुढे यांचे चांगले पैसे होतील’ अशी आशा बाळगतात. या आशेपोटी घरातील शिल्लक खर्ची पडते, तेव्हा प्रश्न केवळ छंदाचा राहत नाही. या मूर्तींची किंमत काळाच्या ओघात खरोखर टिकते का, हे म्हणूनच तपासून पाहण्यासारखे आहे.

खेळण्यातील सैनिकांना नियमांची जोड देण्याची कल्पना जुनीच आहे. विख्यात इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम दिले होते. आजच्या बाजारपेठेचा पाया मात्र सत्तरच्या दशकात घातला गेला. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला आणि १९७५ मध्ये लंडनमध्ये ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी स्थापन झाली. या कंपनीचा ‘वॉरहॅमर’ १९८३ मध्ये, तर ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा अवकाशयुद्धाचा खेळ १९८७ मध्ये बाजारात आला. या खेळांतल्या मूर्ती सुट्या भागांत आणि बिनरंगी मिळतात. त्या जोडायच्या आणि रंगवायच्या, हा छंदाचाच एक भाग असतो.

दुसरा प्रवाह २००० नंतरचा. अमेरिकेतील ‘विझकिड्स’ या कंपनीने त्या वर्षी ‘मेज नाइट’ आणि २००२ मध्ये ‘हिरोक्लिक्स’ हे खेळ आणले. यातील प्लॅस्टिकच्या मूर्ती रंगविलेल्याच मिळत; पण बंद पाकिटात कोणती मूर्ती आहे, हे ते फोडेपर्यंत कळत नसे. काही मूर्ती भरपूर, काही थोड्या, काही अगदी विरळ, अशी वाटणी कंपनीच ठरवीत असे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मूर्तीही २००३ पासून अशाच पाकिटांतून विकल्या जाऊ लागल्या. ‘संग्राह्य’ हा शब्द या मालाच्या विक्रीचा मुख्य आधार होता.

एकाच वस्तूची दोन मोले

किमतीचे गणित समजून घ्यायचे तर एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. अशी प्रत्येक वस्तू एकाच वेळी सोंगटी असते आणि मूर्तीही असते. सोंगटी म्हणून तिचे मोल खेळाच्या नियमांवर अवलंबून असते. एखादा योद्धा सध्याच्या नियमांत बलवान असेल तर स्पर्धेत उतरणारा प्रत्येक खेळाडू तो शोधतो आणि किंमत चढते. नियमांची नवी आवृत्ती आली आणि त्याचे बळ कमी झाले, की तीच सोंगटी कोपऱ्यात पडून राहते. मूर्ती म्हणून असलेले मोल याहून वेगळे. ते कारागिरीवर, दुर्मिळतेवर आणि मुख्यतः एखाद्या पिढीच्या बालपणीच्या आठवणींवर उभे असते. पहिले मोल लवकर चढते व लवकर उतरते. दुसरे संथ गतीने वाढते. पण ते मोजक्याच मूर्तींच्या वाट्याला येते.

‘मेज नाइट’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या खेळात मूर्तीच्या बैठकीतच एक फिरती तबकडी बसविलेली असे. योद्धा जखमी झाला की तबकडी फिरवायची आणि त्याचे घटलेले बळ तिथल्या आकड्यांवरून वाचायचे. कल्पना चतुर होती. पण त्यामुळे ती मूर्ती त्या एकाच खेळाशी जखडली गेली. काही वर्षांत खेळ मागे पडला आणि तबकडीवरचे आकडे निरर्थक झाले. विझकिड्स २००३ मध्ये ‘टॉप्स’ कंपनीने विकत घेतली होती. त्याच टॉप्सने नोव्हेंबर २००८ मध्ये तिचा कारभार बंद केला. पुढे २००९ मध्ये ‘नेका’ या दुसऱ्या कंपनीने तिची मालमत्ता घेऊन ‘हिरोक्लिक्स’ पुन्हा सुरू केले. तथापि तेथेही अनेक स्पर्धांत केवळ अलीकडच्या संचांतील मूर्ती चालतात. म्हणजे महाग मिळालेल्या सोंगटीला खेळाच्या नियमानेच निवृत्तीचे वय ठरवून दिलेले असते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मूर्तींचे तसे झाले नाही. त्यांचा पाकिटांतून विकला जाणारा युद्धखेळ २०११ मध्ये थांबला. पण कथा रचत खेळला जाणारा मूळ खेळ चालूच राहिला. त्यात चोर, पहारेकरी, अजगर वा राक्षस म्हणून कोणतीही मूर्ती टेबलावर ठेवता येते. त्यामुळे जुन्या मूर्तींना, विशेषतः मोठ्या ड्रॅगनना, नवे खेळाडू मिळत राहिले. ज्या सोंगटीचा एका खेळाबाहेरही उपयोग आहे, तिच्या किमतीला थोडा अधिक आधार असतो.

जे जपले ते स्वस्त, जे हरवले ते महाग

येथे एक विरोधाभास दिसतो. ज्या वस्तू ‘संग्राह्य’ म्हणून विकल्या जातात, त्या घेणारा प्रत्येक जण जपून ठेवतो. साहजिकच वीस वर्षांनंतरही त्या मुबलक असतात आणि विकणारे अधिक, घेणारे कमी अशी स्थिती होते. याउलट ऐंशीच्या दशकातल्या धातूच्या मूर्ती मुलांनी खेळण्यासाठी घेतल्या. त्यांच्यावर घरातल्या रंगांचे थर चढले, तलवारी मोडल्या, कित्येक घर बदलताना हरवल्या. तेव्हाची ती मुले आज पन्नाशीच्या घरात आहेत, हाती पैसा आहे आणि हरवलेले बालपण पुन्हा विकत घ्यावेसे वाटते आहे. त्या काळातील न रंगविलेली, सर्व भाग शाबूत असलेली आणि मूळ खोक्यासह उरलेली मूर्ती म्हणूनच भाव खाते. तिचे मोल वाढले, कारण ते वाढेल असे तेव्हा कोणालाही वाटले नव्हते.

या मागणीलाही वय असते, हे मात्र विसरता येत नाही. एका पिढीच्या आठवणी त्या पिढीबरोबर मावळतात. पुढच्या पिढीला आपल्या लहानपणीचे सैनिक हवे असतात, वडिलांच्या लहानपणीचे नव्हेत.

साचा कोणाच्या हाती?

नाणी आणि टपाल तिकिटे यांच्या संग्राहकाला एक दिलासा असतो : शिवकालीन होन आता कोणी नव्याने पाडणार नाही. लघुमूर्तींच्या बाबतीत ही खात्री नाही. धातूच्या मूर्ती रबरी साच्यात ओतल्या जातात. रबरी साचा झिजतो. पण मूळ नमुना जवळ असेल तर नवा साचा करता येतो. प्लॅस्टिकसाठी लागणारा पोलादी साचा फार महाग पडतो. मात्र एकदा तो तयार झाला की प्रचंड संख्येने मूर्ती काढता येतात. या व्यवसायातील दुर्मिळता बहुतेक वेळा कंपनीच्या निर्णयातून जन्मते, आणि कंपनीला तो निर्णय फिरविता येतो.

‘स्पेस हल्क’ हा खेळ प्रथम १९८९ मध्ये आला. २००९ मध्ये त्याची नवी आवृत्ती मर्यादित संख्येत निघाली आणि तिच्या मूर्तींची मोठी वाहवा झाली. ज्यांनी ती न उघडता बाजूला ठेवली, त्यांना २०१४ मध्ये दिसले, की त्याच मूर्ती असलेला खेळ कंपनीने पुन्हा बाजारात आणला आहे. ‘वॉरहॅमर’ची कहाणी आणखी मोठी. २०१५ मध्ये कंपनीने हा जुना खेळ बंद करून त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ आणला. पुढे ‘ब्रेटोनिया’ आणि ‘टूम किंग्ज’ या सेनांची विक्री थांबली, आणि जुने संच दुर्मिळ मानले जाऊ लागले. जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने तो खेळ परतला. त्यात सर्वप्रथम आल्या त्या याच दोन सेना, आणि त्यांतल्या अनेक मूर्ती जुन्याच साच्यांतल्या होत्या. ‘हिरोस्केप’ हा २०१० मध्ये बंद पडलेला खेळही २०२४ मध्ये नव्या प्रकाशकाकडून पुन्हा आला.

पुनरागमनाने जुन्या प्रतीचे मोल पूर्ण नाहीसे होते असे नाही. १९८९ चा ‘हिरोक्वेस्ट’ २०२० मध्ये लोकवर्गणीच्या मार्गाने आणि पुढल्या वर्षी दुकानांतून परत आला. पण त्यातील मूर्ती नव्याने घडविलेल्या होत्या. जुन्याच मूर्ती हव्या असलेल्या संग्राहकाचे त्याने समाधान होत नाही. ज्याला केवळ खेळायचे आहे असा ग्राहक मात्र जुन्या खोक्याकडून नव्याकडे वळतो. साचेच पुन्हा वापरले गेले, तर या दोन्ही ग्राहकांतील अंतर फारच कमी होते.

गेल्या काही वर्षांत या चित्रात आणखी एक भर पडली आहे. घरगुती त्रिमितीय छपाईयंत्रे स्वस्त झाली आणि द्रव रेझिनपासून बारीक कलाकुसरीची मूर्ती टेबलावरच छापता येऊ लागली. शिवाय मूळ मूर्तीवरून परस्पर साचा करून काढलेल्या नकलाही बाजारात फिरतात. ज्याला केवळ सोंगटी हवी आहे, त्याला आता जास्त पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही. अस्सल मूर्तीसाठी किंमत देणारा तेवढा शिल्लक राहतो, आणि तो अस्सलपणाचा पुरावा मागतो.

धातू, रंग आणि खोके

जपणुकीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. जुन्या मूर्तींच्या मिश्रधातूत शिसे असे. ओकसारख्या काही लाकडांतून आणि पुठ्ठ्यातून आम्लयुक्त वाफ निघते. बंद कपाटात शिशावर तिचा परिणाम होऊन पांढरी भुकटी तयार होते आणि मूर्तीचे नाक-डोळे झिजून जातात. ही भुकटी विषारी असल्याने ती हाताळणेही धोक्याचे असते. हौसेने घेतलेले सुंदर लाकडी कपाट संग्रहाला घातक ठरू शकते, ते असे.

रंगकामाविषयी गैरसमज अधिक. शेकडो तास खर्चून रंगविलेल्या सेनेला दुप्पट किंमत येईल, असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात नामांकित रंगकाराचे काम सोडले, तर रंगविलेली मूर्ती पुष्कळदा कोऱ्या मूर्तीपेक्षा स्वस्त जाते. कारण घेणाऱ्याला ती आपल्या पद्धतीने रंगवायची असते. धातूवरचा रंग काढून टाकता येतो. प्लॅस्टिक व रेझिन मात्र तीव्र द्रावणाने खराब होते. प्लॅस्टिकच्या खास गोंदाने जोडलेले भाग तर वितळून एकजीव होतात आणि पुन्हा सुटे करता येत नाहीत.

हिशेबाची वही

आता साधा हिशेब करून पाहू. समजा, २,००० रुपयांना घेतलेला संच २० वर्षांनी ४,००० रुपयांना विकला गेला. किंमत दुप्पट झाली, म्हणून मालक खूश होईल. पण हा वाढीचा दर वर्षाला जेमतेम साडेतीन टक्के पडतो. विक्रीचे दलाली शुल्क १० टक्के धरले तर तो तीन टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. तेच २,००० रुपये ७ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले असते, तर २० वर्षांत सुमारे ७,७४० रुपये झाले असते. त्यातही किंमत दुप्पट झालेला संच हा भाग्यवान; पडून राहिलेल्या आणि निम्म्या किमतीला गेलेल्या संचांची चर्चा कोणी करीत नाही. संकेतस्थळावर मागितलेली किंमत आणि प्रत्यक्षात मिळालेली किंमत यांतही मोठे अंतर असते. भारतातील संग्राहकाला तर आणताना आयात शुल्क आणि परदेशी गिऱ्हाइकाला विकताना टपालखर्च, अशी दोन्हीकडून कात्री लागते.

सगळा संग्रह एकदम विकण्याची वेळ बहुधा अडचणीत येते, किंवा संग्राहकाच्या पश्चात कुटुंबावर येते. तेव्हा एकेक मूर्ती योग्य गिऱ्हाइकाला विकण्याइतका वेळ नसतो आणि मूर्तींची ओळख असलेले माणूसही घरात नसते. व्यापारी ठोक भावाने उचलतो. ज्यांना हा प्रसंग घरच्यांवर येऊ द्यायचा नाही, त्यांनी कोणती मूर्ती कोणत्या वर्षाची, तिचे कोणते भाग शाबूत आहेत आणि ती कितीला घेतली, याची यादी हयातीतच करून ठेवलेली बरी.

या साऱ्या व्यवहारात मोल खऱ्या अर्थाने कोणाचे वाढले, याचे उत्तर लंडनच्या शेअर बाजारात मिळते. गेम्स वर्कशॉपची नोंदणी तेथे १९९४ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी ब्रिटनमधील १०० बड्या कंपन्यांच्या ‘एफटीएसई १००’ निर्देशांकात जाऊन बसली. मूर्ती विकत घेणाऱ्यापेक्षा साचा हाती असणाऱ्याचे फावले, असाच याचा अर्थ.

तेव्हा लघुमूर्तींची किंमत टिकते का, याचे उत्तर असे : बहुतेकांची टिकत नाही, थोड्यांची महागाईइतकी वाढते आणि मोजक्यांची त्याहून पुढे जाते, पण ती मोजकी कोणती, हे खरेदीच्या वेळी सांगता येत नाही. खेळण्यासाठी, रंगविण्यासाठी, मित्रांबरोबर संध्याकाळ घालविण्यासाठी घेतलेल्या मूर्तीने आपली किंमत त्या त्या दिवशीच फेडलेली असते. पुढे तिचे चार पैसे आलेच, तर ती वरकड कमाई समजावी.