अंथरूण पाहून स्टेडियम!

मॅच हरली तर पुढच्या शनिवारी जिंकता येते. पण स्टेडियम निवडण्यात चूक झाली तर? छोट्या फुटबॉल क्लबांच्या जगण्या-मरण्याचा हा हिशेब, थेट डार्लिंग्टनपासून बालेवाडीपर्यंत...

मित्राच्या लग्नाला गेलायत. पाहुणे दीडशे आणि हॉल दोन हजारांचा. पुढच्या दोन रांगांत मावश्या-आत्या, मागे सगळा शुकशुकाट. जेवण झक्कास आहे, नवरा-नवरी छान दिसतायत, तरी येणारा प्रत्येक जण हळूच एकच विचारतो, ‘लोक आले नाहीत का हो फारसे?’ हेच दीडशे जण सोसायटीच्या हॉलमध्ये असते, तर ‘काय गर्दी होती!’ असं म्हणत घरी गेले असते. आणि भाडं, एसी, लायटिंगचं बिल? ते दोन हजारांच्याच हिशेबाने येणार.

फुटबॉल क्लबांचंही सेम असंच असतं. वीकेण्डला पिझ्झा मागवून आपण टीव्हीवर प्रीमियर लीग बघतो, तेव्हा हे जाणवत नाही. तिथे टीव्हीचा पैसा एवढा येतो, की तिकिटांच्या पैशांवाचून काही अडत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमधल्या क्लबचं घर चालतं ते गेटवर जमलेल्या पैशांवर, हाफ टाइमला विकलेल्या चहावर आणि मैदानाभोवतीच्या गावातल्या दुकानांच्या पाट्यांवर. अशा क्लबसाठी स्टेडियम म्हणजे नुसती जागा नव्हे. ते त्याचं दुकानही असतं, घरही आणि कर्जही. स्ट्रायकर फेल गेला तर विकता येतो, कोच बदलता येतो. स्टेडियम कसं बदलणार?

पंचवीस हजार खुर्च्या, दोन हजार माणसं

इंग्लंडच्या ईशान्येला डार्लिंग्टन नावाचं साधारण लाखभर वस्तीचं गाव आहे. १८२५ साली वाफेच्या इंजिनाची पहिली सार्वजनिक रेल्वे धावली ती स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात याचं नाव. इथला क्लब १८८३ सालचा. फीदम्स हे त्याचं जुनं मैदान गावाच्या अगदी मध्यात. मॅचला निघायचं म्हणजे गप्पा मारत चालत जायचं, इतकं सोपं.

१९९९ मध्ये जॉर्ज रेनॉल्ड्स क्लबचे चेअरमन झाले. माणूस भन्नाट! तरुणपणी तिजोऱ्या फोडून जेलमध्ये गेलेला आणि नंतर किचन ओट्यांच्या धंद्यात करोडपती झालेला. त्यांचं स्वप्न एकच, क्लबला प्रीमियर लीगमध्ये न्यायचं. आणि त्यासाठी आधी काय हवं? स्टेडियम! टीम चौथ्या पातळीवर खेळत होती, प्रेक्षक काही हजारच यायचे. तरी गावाच्या कडेला २५ हजार सीट्सचं स्टेडियम उभं राहिलं. मार्बलच्या फरश्या, सरकते जिने, सगळा थाट पंचतारांकित.

ऑगस्ट २००३ मध्ये किडरमिन्स्टर हॅरियर्सविरुद्ध पहिली मॅच झाली. ११,६०० लोक आले. हा आकडा या मैदानावर क्लबला पुन्हा कधीच दिसला नाही. मॅच ०-२ अशी हरली ती हरलीच. डिसेंबर उजाडेपर्यंत क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे सरळ मराठीत दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर. रेनॉल्ड्सना क्लब सोडावा लागला आणि पुढे करचुकवेगिरीसाठी पुन्हा तुरुंगात जावं लागलं.

पण स्टेडियम कुठे जाणार? ते तिथेच होतं. दिवे, साफसफाई, सिक्युरिटी, देखभाल, सगळं पंचवीस हजारांच्या मापाचं आणि बघायला येणारे चार-पाच हजार, मग तीन, मग दोन. एवढ्या मोठ्या कढईत दोन हजारांचा आवाज म्हणजे रिकाम्या घरात टीव्ही चालू ठेवल्यासारखा. गावातून चालत येणारे आजोबा आता बसची वाट बघायला तयार नव्हते. २००९ मध्ये पुन्हा ॲडमिनिस्ट्रेशन. २०११ च्या मे महिन्यात याच क्लबने वेम्बलीवर एफए ट्रॉफी जिंकली, फायनलचा गोल एक्स्ट्रा टाइमच्या शेवटी. आणि जानेवारी २०१२ मध्ये तिसऱ्यांदा ॲडमिनिस्ट्रेशन! म्हणजे टीमने कप आणला, पण घराचा हप्ता कपाने फिटत नाही.

शेवटी चाहत्यांनीच पैसे जमवून क्लब वाचवला. त्याची किंमत जबर होती. चार पायऱ्या खाली, थेट नवव्या पातळीवर घसरण आणि शेजारच्या बिशप ऑकलंड गावात पाहुणे म्हणून ‘होम’ मॅचेस. चार सीझनमध्ये तीन प्रमोशन्स मिळवत क्लब वर आला आणि डिसेंबर २०१६ मध्ये गावात परतला, रग्बी क्लबच्या छोट्याशा मैदानावर. त्या सीझनमध्ये टीम पाचवी आली, म्हणजे प्ले-ऑफची जागा पक्की. पण ती नाकारली गेली. कारण? मैदानात नियमाएवढ्या सीट्स नाहीत! पंचवीस हजार सीट्सनी बुडवलेला क्लब काही शे सीट्स कमी पडल्या म्हणून अडला. आणि ते मोठं स्टेडियम? ते कधीच दुसऱ्या एका रग्बी क्लबकडे गेलं होतं.

घर सुटलं की...

मोठं घर घेणं ही एक चूक. दुसरी चूक म्हणजे असलेलं घर सोडणं. लंडनच्या विम्बल्डन क्लबने १९८८ मध्ये बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला. पुढच्याच वर्षी हिल्सबरोची चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर मोठ्या क्लबांना उभं राहून मॅच बघायच्या जागा काढून पूर्ण खुर्च्यांचं स्टेडियम करणं बंधनकारक झालं. विम्बल्डनचं प्लाऊ लेन मैदान जुनाट होतं. ‘थोडे दिवस राहू’ म्हणत १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाड्याने गेला.

आपल्यापैकी ज्यांनी पीजी म्हणून दिवस काढलेत, त्यांना पुढचं सांगायला नको. भाडेकरूला भिंतीवर खिळाही ठोकता येत नाही. जानेवारी १९९३ मधल्या एव्हर्टनविरुद्धच्या मॅचला फक्त ३,०३९ लोक होते. कोविडचा काळ सोडला तर प्रीमियर लीगच्या इतिहासातली ही नीचांकी गर्दी! ‘थोडे दिवस’ म्हणता म्हणता दहा वर्षं उलटली आणि २००२ मध्ये क्लबला ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली. पुढे तर नावही बदललं.

विम्बल्डनचे चाहते मात्र रडत बसले नाहीत. त्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक मैदानावर खुली निवड चाचणी घेतली आणि नवव्या पातळीपासून सुरुवात केली. मैदान घेतलं पाच हजारांच्या आतलं, म्हणजे जेवढे लोक तेवढ्याच खुर्च्या. २०११ मध्ये हा क्लब फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये, २९ वर्षांनी, प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानाच्या हाकेच्या अंतरावर, साधारण नऊ हजारांचं नवं स्टेडियम उभं राहिलं. त्यासाठी चाहत्यांनी बॉण्ड घेऊन लाखो पौंड उभे केले. गंमत म्हणजे तेव्हा कोविड होता, त्यामुळे पहिल्या मॅचला स्टॅण्ड रिकामे. पण ते रिकामेपण स्वतःच्या घरातलं होतं!

छोटं है, पर अपना है

‘छोटं मैदान म्हणजे कमीपणा’ असं वाटत असेल तर अमेरिकेकडे बघा. कोलंबस क्रू हा क्लब १९९६ पासून ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अवाढव्य स्टेडियममध्ये खेळायचा. प्रेक्षक आले तरी स्टेडियम रिकामंच दिसायचं. १९९९ मध्ये मालक लामार हंट यांनी जवळपास वीस हजारांचं, खास फुटबॉलसाठीचं मैदान बांधलं. अमेरिकेच्या मेजर लीगमधलं असं हे पहिलंच. त्यानंतर एकामागून एक क्लबांनी हाच कित्ता गिरवला.

आपल्या मुंबईचंही उदाहरण आहे. मुंबई सिटी एफसी पहिले दोन सीझन नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळली. मैदान मुळात क्रिकेटचं, खुर्च्या पन्नास हजारांच्या वर. २०१६ मध्ये टीम अंधेरीच्या फुटबॉल एरिनात आली, क्षमता सात हजारांच्या आसपास. मेट्रोतून उतरून मॅचला जायचं आणि कोचने मारलेली हाकसुद्धा ऐकू यायची. पुढे २०२०-२१ आणि २०२३-२४ मध्ये ही टीम आयएसएल चॅम्पियनही झाली. ट्रॉफ्या मैदानामुळे आल्या असं कुणी म्हणणार नाही, पैसा आणि खेळाडू तगडे होतेच. पण ‘चला, मॅच बघून येऊ’ म्हणण्याइतकी ती मॅच जवळ आली, हे नक्की.

एक मैदान, चार क्लब

आता पुणेकरांनो, जरा मन घट्ट करा. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. मैदान उत्तम, पण बनलं ते ॲथलेटिक्ससाठी. प्रेक्षक आणि फुटबॉलच्या मध्ये धावण्याचा अख्खा ट्रॅक. जागा शहराच्या टोकाला. वीकडेला मॅच असेल तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून वाट काढत जायचं.

इथे पुणे एफसी खेळली, २०१२-१३ मध्ये आय-लीगची उपविजेती ठरली आणि २०१५ मध्ये बंद पडली. भारत एफसीने जेमतेम एक सीझन काढला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर दिसली नाही. नारिंगी जर्सीवाली एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये थांबली आणि तिची जागा हैदराबादने घेतली. कूपरेजची डागडुजी चालू होती तेव्हा मुंबई एफसीनेही आपले ‘घरचे’ सामने इथेच खेळले. मुंबईकर फॅनला होम मॅचसाठी एक्स्प्रेस-वे! तो क्लबही २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि संपला.

या सगळ्यांना बालेवाडीने मारलं असं म्हणणं चुकीचं होईल. खरं कारण बहुतेक वेळा मालकाचा आटलेला पैसा किंवा उडालेला रस. पण मालक गेला तेव्हा मागे काय उरलं? मैदान सरकारी संकुलाचं, क्लबचं काहीच नाही. शेजारची गल्ली, कोपऱ्यावरची टपरी, ‘आमचा स्टॅण्ड’ असं म्हणावं अशी जागा तयारच झाली नाही. डार्लिंग्टन आणि विम्बल्डनच्या लोकांकडे परत येण्यासाठी एक पत्ता होता. पुण्यातल्या फॅन्सकडे फक्त जर्सी उरली. ती आजही कुणाच्या तरी कपाटात घडी घालून ठेवलेली असेल.

तेव्हा उद्या तुमच्या शहरात नवा क्लब आला आणि मालकाने ‘वर्ल्ड क्लास स्टेडियम’ची घोषणा केली, तर टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा. ‘साहेब, ऑफिस सुटल्यावर तिथे पोहोचायचं कसं?’ क्लब किती वर्षं टिकणार, हे त्या उत्तरावरून बऱ्यापैकी कळेल.

चौकट : क्लबला मैदान निवडायचंय?

• मापाचं घ्या : नेहमी येणाऱ्या गर्दीपेक्षा थोडंसंच मोठं. तिकीट संपतं हे कळलं की लोक आधी काढतात.

• चालत, बसने किंवा ट्रेनने जाता यावं : पार्किंग शोधण्यात अर्धा तास गेला, की पुढच्या मॅचला माणूस सोफ्यावर.

• करार नीट वाचा : भाडेकरू असाल तर खाण्याचे स्टॉल आणि जाहिरातींचे पैसे कुणाला? तारखा कोण ठरवणार?

• ट्रॅक टाळा : प्रेक्षक जितका मैदानाजवळ, तितका आवाज जास्त.

• वाढायला जागा ठेवा : आधी एक स्टॅण्ड, प्रमोशन मिळालं की दुसरा. खुर्च्या नंतर वाढवता येतात. कर्ज मात्र नंतर कमी करता येत नाही!