बिवळ्याचा पेला आणि उंदराची साखर

रोहा आणि पेणच्या डोंगरउतारांवर जे पानझडी रान अजून तग धरून आहे, त्यात साग, ऐन, किंजळ यांच्या सोबतीने बिवळाही वाढतो. त्याच्या सालीवर घाव घातला की लालभडक चीक पाझरतो आणि वाळून त्याचा डिंक होतो. आयुर्वेदात या झाडाला विजयसार, बीजक किंवा असन म्हणतात आणि प्रमेहावरच्या औषधांत त्याचं नाव जुनं आहे. त्याच्या गाभ्याच्या लाकडाचे पेले विकत मिळतात. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं, अशी रीत. पाण्याला तपकिरी रंग चढतो आणि उजेडात धरलं की निळसर झाक दिसते. हल्ली या पेल्यासोबत आणि बिवळा, मेथी, कारलं, गुडमार घातलेल्या चूर्ण-गोळ्यांसोबत ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ हे दोन शब्दही विकले जातात. त्या सिद्धतेचा माग काढत गेलं, तर बहुतेक वेळा शेवटी एक पिंजरा सापडतो आणि पिंजऱ्यात पंचवीस ग्रॅम वजनाचा उंदीर असतो. त्या उंदराची साखर उतरली, एवढ्यावरून माणसाने आपली गोळी बदलणं चूक आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. ते का, हे समजायला त्या पिंजऱ्यातलं काम जवळून बघावं लागतं.

साध्या उंदराला आपोआप मधुमेह होत नाही, तो करावा लागतो. त्यासाठी बहुधा स्ट्रेप्टोझोटोसिन वापरतात. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं हे द्रव्य, आणि त्याने मधुमेह होतो हे १९६३ साली प्रसिद्ध झालं. त्याची घडण ग्लुकोजशी मिळतीजुळती असल्याने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी ते आत घेतात आणि मरतात. आम्लधर्मी द्रावणात विरघळवलं की ते फार वेळ टिकत नाही, म्हणून तयार करून लगेच टोचायचं. मरणाऱ्या पेशी साठवलेलं इन्सुलिन एकदम सोडतात, त्यामुळे सुरुवातीला साखर वाढायच्या ऐवजी धोकादायक खाली जाते. या काळात साखरपाणी ठेवलं नाही, तर उंदीर दगावतात. मग काही दिवसांत आजार उघड दिसू लागतो. पाण्याची बाटली भराभर रिकामी होते आणि पिंजऱ्यातला भुसा रोजच्या रोज बदलावा लागतो, कारण तो लघवीने चिंब झालेला असतो. उंदीर भरपूर खातो आणि तरीही वाळतो. शेपटीच्या टोकाला सुई लावून एक थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घेतात. आकडा अडीचशेच्या वर टिकला की उंदीर मधुमेही धरला जातो आणि त्याच्यावर अर्काचा प्रयोग सुरू होतो.

इथून पुढे प्रत्येक पायरीवर फसगत होऊ शकते. उंदीर रात्री खाणारा प्राणी. माणसासारखं रात्रभर उपाशी ठेवून सकाळी साखर मोजली, तर त्याच्या यकृतातला साठा जवळजवळ संपलेला असतो आणि वजनही चांगलंच उतरलेलं असतं. म्हणून जाणकार चार ते सहा तासांचाच उपास पसंत करतात. नवख्या हाताने घाईने पकडलं, तर नुसत्या भीतीने साखर चढते. कडू चूर्ण खाद्यात मिसळलं, तर उंदीर ते टाळतो आणि कमी खाण्यानेच साखर उतरते. अशा वेळी उरलेलं खाद्य रोज तोलावं लागतं, आणि तेवढंच कमी खाद्य देऊन औषधाविना ठेवलेला दुसरा गट लागतो. तो नसेल, तर आपण कारल्याचा गुण मोजतोय की उपासाचा, हे कोण सांगणार? शिवाय इंजेक्शनची मात्रा हलकी पडली, तर काही उंदरांच्या बीटा पेशी आपसूक सावरतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, अर्क विषाच्या आधी दिला की नंतर? आधी किंवा सोबत दिलेला अर्क विषाचाच जोर मोडू शकतो. विषापासून बचाव वेगळा आणि मधुमेहावर इलाज वेगळा. माणूस मधुमेही होतो तो कुणी इंजेक्शन टोचल्याने नव्हे.

बिवळ्याच्याच बाबतीत हे घडलेलं आहे. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्यातलं एपिकॅटेचिन हे द्रव्य वेगळं करून मोठ्या जातीच्या पांढऱ्या उंदरांवर वापरलं. त्या उंदरांना अॅलोक्सान या दुसऱ्या विषाने मधुमेह केलेला होता. नष्ट झालेल्या बीटा पेशी पुन्हा उगवतात, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि १९८१ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये झळकला. खरा असता, तर ती शतकातली मोठी बातमी होती. पण इतर प्रयोगशाळांनी तो प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसा गुण आला नाही. मूळ संशोधकांच्या हेतूवर संशय घ्यायचं कारण नाही. एका ठिकाणी दिसलेलं दुसऱ्या ठिकाणी दिसलं पाहिजे, हाच तर शास्त्राचा दंडक. खेद याचा वाटतो, की जाहिरातीत पहिला निष्कर्ष जिवंत राहिला आणि नंतरची तपासणी कुणाच्या कानावर गेली नाही.

यावर कुणी म्हणेल, की मग इन्सुलिन तरी कसं सापडलं? आक्षेप वजनदार आहे. १९२१ साली टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवरच प्रयोग केले आणि १९२२च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. पण तिथे कुत्र्यात जे नव्हतं, तेच त्या मुलात नव्हतं. उणीव एकच, म्हणून उपायही एकच चालला. आपल्याकडे बहुसंख्य रुग्णांना असतो तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. त्यात निदान सुरुवातीला तरी इन्सुलिन असतं, शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. बीटा पेशी जाळलेला उंदीर या माणसाचा प्रतिनिधी होत नाही. आपोआप लठ्ठ आणि मधुमेही होणाऱ्या उंदरांचे वाणही आहेत आणि ते थोडे जवळचे आहेत. मात्र त्यांचा आजार एका जनुकातल्या बिघाडाने येतो आणि तसा बिघाड माणसात अगदी विरळा. मात्रेचं गणितही वेगळं पडतं. उंदराला किलोमागे ५०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर रूढ हिशेबाने त्याला साधारण बाराने भागावं लागतं. म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे अडीच ग्रॅम अर्क. लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात किती उतरतं, हे पेल्यागणिक आणि दिवसागणिक बदलणार.

दुसरा आक्षेप परंपरेचा, आणि त्याचा मला आदर आहे. मेटफॉर्मिन या आजच्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या गोळीचं मूळही युरोपातल्या एका रानटी झुडपात आहे. तेव्हा वनस्पतीत काही नसतं, असं म्हणणं अज्ञानाचं ठरेल. बिवळ्याची तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने माणसांवरच चाचणी घेतली. नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांपर्यंत आटोक्यात आली, असं १९९८ साली प्रसिद्ध झालं. त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे टॉल्ब्युटामाइड या जुन्या गोळीशी तुलना करणारी चाचणीही झाली आणि दोन्हींचा गुण जवळपास सारखा दिसला. बिवळ्याला जी काही प्रतिष्ठा द्यायची, ती इथून द्यावी. पण तिथे ठरावीक प्रतीचा अर्क होता, रोज दोन ते चार ग्रॅम मात्रा होती, नवे आणि सौम्य आजाराचे रुग्ण होते आणि वेळोवेळी रक्त तपासणारे डॉक्टर होते. यातलं काहीही पेल्यासोबत घरी येत नाही.

‘झाडपाल्याने अपाय थोडाच होतो’ हा शेवटचा आक्षेप, आणि तोच सर्वांत घातक. अर्कात खरोखर गुण असेल, तर डॉक्टरांच्या गोळीवर तो घेतल्याने साखर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो. गुण नसेल, तर साखर मुकाट्याने डोळे आणि मूत्रपिंडं पोखरत राहते. वनौषधी म्हणून विकल्या गेलेल्या काही चूर्णांत चक्क अॅलोपॅथीच्या गोळ्यांची भेसळ सापडलेली आहे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरी ती सर्रास होते. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असा अंदाज आयुर्विज्ञान परिषदेच्या २०२३च्या पाहणीने मांडला. एवढ्या लोकांना पिंजऱ्यातल्या आकड्यावर सोडून देता येणार नाही.

म्हणून बिवळ्याचं पाणी पिणाऱ्यांना कळकळीची विनंती. पाणी प्यायचं तर प्या, पण चालू गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना पेल्याबद्दल मोकळेपणाने सांगा आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या. ‘सिद्ध’ असं कुणी म्हणालं, तर कुणावर सिद्ध झालं, किती जणांवर आणि तुलना कशाशी केली, एवढं त्याला जरूर विचारा.