एक शनी, दोन तारखा

चेन्नईत शनी एका राशीतून दुसऱ्या राशीत दोनदा जातो. एकदा आधुनिक वेधांवर आधारलेल्या तिरुक्कणितम् पंचांगाप्रमाणे, एकदा परंपरागत वाक्य पंचांगाप्रमाणे. मकरेत तो गेला पहिल्याच्या हिशेबाने २४ जानेवारी २०२० रोजी आणि दुसऱ्याच्या हिशेबाने २७ डिसेंबर २०२० रोजी. कुंभेसाठी १७ जानेवारी २०२३ आणि २० डिसेंबर २०२३. मीनेसाठी २९ मार्च २०२५ आणि ६ मार्च २०२६. दर वेळी सुमारे अकरा महिन्यांचं अंतर. आपल्याकडे साडेसातीचा जो धाक, तोच तमिळ घरांत ‘सनिप्पेयर्ची’चा, म्हणजे शनीच्या राश्यंतराचा. कारैकालजवळच्या तिरुनळ्ळार इथल्या शनीच्या स्थानी त्या दिवशी प्रचंड गर्दी लोटते आणि ते देवस्थान वाक्य पंचांग मानतं. त्यामुळे मार्च २०२५ मध्ये सगळीकडे राश्यंतराची भाकितं सुरू असताना देवस्थानाला जाहीर करावं लागलं, की आमच्याकडे हा सोहळा यंदा नाही.

मग खरं कोण? या वादात उतरणारे बहुतेक जण हौशी असतात. एक म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं गणित चुकेल कसं? दुसरा म्हणतो, वेधशाळेचे आकडे बघा. तिसरा दोघांनाही गप्प करतो: शास्त्रज्ञांचं तरी कुठे एकमत असतं? आज महास्फोट म्हणतात, उद्या आणखी काही म्हणतील. हे तिसरं बोलणं आपल्या ओळखीचं आहे. विश्वाच्या उत्पत्तीवर कुठेही व्याख्यान ठेवा, प्रश्नोत्तरांत ते येतंच.

शनी माणसाचं नशीब घडवतो यावर माझा विश्वास नाही. तरीही हा वाद मला मोलाचा वाटतो. शास्त्रातलं एकमत म्हणजे काय आणि ते होतं कसं, हे त्यात जितकं उघड्यावर दिसतं तितकं महास्फोटाच्या चर्चेत दिसत नाही. महास्फोट कोणी पाहिलेला नाही. शनी मात्र गच्चीवरून दिसतो.

वाक्य पद्धतीला जुनाट म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं होईल. चंद्र २४८ दिवसांत पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी जवळपास बरोबर नऊ वेळा येऊन जातो, आणि मग त्याच्या गतीचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून त्या २४८ दिवसांची स्थानं २४८ छोट्या संस्कृत वाक्यांत बांधलेली. कटपयादी पद्धतीने प्रत्येक अक्षराचा एक अंक. वाक्यं पाठ असली की चंद्राचं स्थान तोंडावर. परंपरा या वाक्यांचं श्रेय वररुचीला देते, आणि चौदाव्या शतकात केरळच्या माधवाने ती अधिक सूक्ष्म केली.

फ्रेंच खगोलज्ञ ल जाँतील १७६९ चं शुक्राचं अधिक्रमण पाहायला पाँडिचेरीत आला होता. ऐन वेळी ढग आले आणि अधिक्रमण हुकलं. पण तिथल्या एका तमिळ गणकाचं काम त्याने बारकाईने पाहून लिहून ठेवलं. ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणाचा कालावधी त्या गणिताने काढला, तर तो ४१ सेकंदांनी कमी आला. टोबियास मायर हे त्या काळी युरोपातलं मोठं नाव, पण त्याची कोष्टकं त्याच ग्रहणात ६८ सेकंदांनी जास्त निघाली.

साठेक वर्षांनी जॉन वॉरनने पाँडिचेरीतच दुसरा गणक पाहिला. वॉरन काही वर्षं मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होता, आणि दक्षिणेतल्या कालगणनेवरचा त्याचा ‘कालसंकलित’ हा ग्रंथ १८२५ साली मद्रासला छापला गेला. गणक जमिनीवर बसून कवड्या मांडत होता. कोष्टकं सगळी डोक्यात, समोर कागदाचा कपटाही नाही. एक वाक्य म्हणायचं, कवड्या हलवायच्या, पुढचं म्हणायचं. सिद्धांत काय, हे त्याला सांगता येत नव्हतं, पण रीत कुठेही अडखळत नव्हती. १८२५ च्या ३१ मेच्या रात्रीचं चंद्रग्रहण त्याने वॉरनसमोर काढून दाखवलं. स्पर्शाची वेळ ४ मिनिटांनी चुकली, मध्याची २३ आणि मोक्षाची ५२ मिनिटांनी.

एका ग्रहणात सेकंदांचा फरक, दुसऱ्यात मिनिटांचा. दोन ग्रहणांवरून पद्धतीचा निकाल लावता येत नाही. पण कवड्यांनी करायच्या गणितात एक धोका मुळातच आहे. करणाऱ्याला रीत ठाऊक असते, कारण ठाऊक नसतं. त्यामुळे चूक दिसली तरी ती कुठून आली, हे त्याला शोधता येत नाही. शनीसारख्या संथ ग्रहाच्या बाबतीत हे फार महागात पडतं. तो दिवसाला सरासरी दोन कला सरकतो, सबंध राशिचक्राला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. गतीत केसभर चूक राहिली तरी शतकाशतकाने ती साठत जाते.

आपल्या जुन्या गणितज्ञांना हे नीट माहीत होतं. केरळच्या परमेश्वराने वर्षानुवर्षं ग्रहणांचे वेध घेतले आणि १४३१ साली ‘दृग्गणित’ लिहून जुनं गणित दुरुस्त केलं. कोकणातल्या नांदगावच्या केशव दैवज्ञांनी ग्रहांचे वेध घेऊन कोणत्या ग्रंथाचा कोणता ग्रह आकाशाशी जुळतो ते तपासलं. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी त्यावरून शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचलं, आणि महाराष्ट्राने पुढे कित्येक शतकं त्यावरून पंचांगं केली. गणित आणि आकाश जुळेना, तर गणिताला बीजसंस्कार, म्हणजे आकड्यांची दुरुस्ती, द्यायचा. ही दृक्प्रत्ययाची, म्हणजे डोळ्यांनी पडताळून पाहण्याची, शिस्त साहेबाने आणलेली नाही, ती इथलीच आहे. परंपरेच्या नावाने जुने आकडे धरून बसणारा परमेश्वराची आणि गणेश दैवज्ञांची परंपरा मोडत असतो.

ती शिस्त मद्रासला नव्याने उभी केली चिंतामणि रघुनाथाचार्यांनी. नुंगंबाक्कमच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात आजही ग्रॅनाइटचा एक थोराड खांब उभा आहे. १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीने इथे वेधशाळा बांधली तेव्हा दुर्बीण हलू नये म्हणून तो रोवला. त्यावर लॅटिनबरोबर तमिळ आणि तेलुगूतही मजकूर कोरलेला आहे. याच वेधशाळेत रघुनाथाचार्य तरुणपणी लागले आणि नॉर्मन पॉगसनच्या हाताखाली पहिले सहायक झाले. १८६७ साली त्यांनी ‘आर रेटिक्युली’ हा रूपविकारी तारा शोधला. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते पहिले भारतीय फेलो. दिवसभर नोकरी करून या माणसाने १८६९ पासून तमिळ वाचकांसाठी दृग्गणित पंचांग काढलं. ९ डिसेंबर १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी त्यांनी एक पुस्तिका लिहिली आणि इंग्रजीबरोबर कन्नड आणि उर्दूतही काढली. आपल्या माणसांना आपल्या भाषेत समजावं, ही त्यांची तळमळ होती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त त्यांची दखल घेतली आहे.

त्याच सुमारास पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे हेच करत होते. त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० ची, आणि आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर निघालेलं पटवर्धनी पंचांग १८६५ चं. मद्रासचे रघुनाथाचार्य आणि पुण्याचे छत्रे यांच्या हयातीत दोघांचंही पंचांग सर्वमान्य झालं नाही. मात्र ग्रह कुठे आहे, याबद्दल दोघांत वाद होण्याचं कारणच नव्हतं. एकाने मद्रासहून पाहिला आणि दुसऱ्याने पुण्याहून, तरी आकडा तोच यायचा. शास्त्रातलं एकमत म्हणतात ते हे. ठराव मांडून ते होत नाही आणि हात वर करूनही होत नाही. कसोटी आधी ठरते, मग ती कोणीही, कुठेही घ्यावी.

मात्र महाराष्ट्रात पुढे जो वाद झाला तो वेगळ्या जातीचा होता. राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची? लोकमान्य टिळकांच्या मताचे लोक रेवतीतल्या झीटा पिशियम ताऱ्यापासून मोजत, तो रैवत पक्ष. व्यंकटेश बापूजी केतकर आणि त्यांच्या मताचे लोक चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूपासून, तो चैत्र पक्ष. दोघांत चारेक अंशांचा फरक. त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक मास वेगळा पडतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती-दिवाळी महिनाभर आधी होते. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी आणि ‘केसरी’चे ज. स. करंदीकर हे तिचे सभासद होते. समितीने चैत्र पक्ष घेतला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. पण रैवत पक्ष चूक आहे, असं कोणतीही दुर्बीण सिद्ध करू शकत नाही. शून्य कुठे मांडायचं हा संकेताचा प्रश्न आहे, आणि संकेत चर्चेने ठरतात.

चेन्नईतला शनीचा वादही असाच संकेताचा आहे, असं म्हणून पुष्कळ भले लोक तो मिटवू पाहतात. तुमचा अयनांश, म्हणजे शून्याचा हिशेब, वेगळा, आमचा वेगळा, दोन्ही बरोबर. हे खरं नाही, आणि ते तपासण्याची उत्तम संधी आकाशानेच दिली होती. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांना जवळजवळ चिकटलेले दिसले. अंतर अंशाच्या दहाव्या भागाएवढं, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा पाचवा हिस्सा. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते. ज्याला निरभ्र पश्चिम क्षितिज मिळालं त्याने ते नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. आता वाक्य पंचांग काढा. त्याच्या हिशेबाने गुरू १५ नोव्हेंबरलाच मकरेत शिरला होता. शनी मात्र धनूतच होता आणि मकरेत जायला अजून सहा दिवस बाकी होते. त्या दिवसांत गुरू महिन्याभरात सहा-सात अंश पुढे जात होता. म्हणजे पंचांगात दोघांमध्ये डझनभर पूर्णचंद्र ओळीने मावतील एवढी जागा, आणि आकाशात बोट शिरणार नाही एवढी जवळीक. शून्य तुम्ही रेवतीत धरा, चित्रेसमोर धरा, नाहीतर आणखी कुठे. शून्य हलवलं की दोन्ही ग्रह सारखेच हलतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. तेव्हा इथे मतभेदाला जागाच नाही. वाक्य पंचांगातला शनी चुकलेला आहे.

देवस्थानाने उत्सव कधी करावा हा श्रद्धेचा आणि रूढीचा भाग आहे, त्यात मला बोलायचं नाही. परंतु ‘शनी आज मकरेत गेला’ हे विधान आकाशाबद्दलचं आहे, आणि त्याचा निवाडा आकाशातच होतो.

विश्वाच्या जन्माबद्दलच्या हौशी वादांत हीच गल्लत होते. वस्तुस्थितीचे प्रश्न आणि संकेताचे प्रश्न एकाच पिशवीत भरले जातात. जोडीला एक ठरलेलं उदाहरण येतं, तेही चेन्नईचं. मैलापूरच्या ‘चंद्र विलास’मध्ये वाढलेला, प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेला चंद्रशेखर १९३० साली एकोणिसाव्या वर्षी बोटीने विलायतेला निघाला आणि वाटेत त्याने श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असते हे गणित मांडलं. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनला खगोलज्ञांच्या सभेत तिथल्या नामवंत एडिंग्टनने ते धुडकावून लावलं. चंद्रशेखरला नाकारलं, मलाही नाकारतात, म्हणून माझंही खरं ठरेल, असा युक्तिवाद मग केला जातो. पण चंद्रशेखरने काय केलं ते पाहा. त्याने सगळं गणित १९३९ च्या पुस्तकात पायरी-पायरीने उघडं मांडलं, ज्याला तपासायचं त्याने तपासावं म्हणून. एडिंग्टनचा दबदबा होता, पण त्या गणितात चूक कोणालाच दाखवता आली नाही. सूर्याच्या सुमारे १.४ पट ही मर्यादा आज पाठ्यपुस्तकात आहे. तिचं कारण ताऱ्यांनी दिलेली साक्ष आहे, चंद्रशेखरवर झालेला अन्याय नव्हे.

आपल्या जयंत नारळीकरांचं उदाहरण मला याहून शिकवणारं वाटतं. १९६१ साली बाविशीतला हा विद्यार्थी विश्वाला आरंभ नाही असं मानणाऱ्या फ्रेड हॉइलच्या वतीने, त्या मताला विरोध करणाऱ्या मार्टिन राईलसारख्या मातब्बराला उत्तर द्यायला लंडनच्या सभेत उभा राहिला. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण, महास्फोटाची मागे उरलेली खूण, सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकर वळले नाहीत. पण त्यांनी प्रारण नाकारलंही नाही. १९९३ साली हॉइल आणि बर्बिज यांच्यासह नवी मांडणी करताना लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंच्या धुळीतून हे प्रारण कसं येऊ शकेल, याचं गणित त्यांनी दिलं, म्हणजे विरोधकाच्या हाती कसोटी दिली. २००४ साली महास्फोटाच्या एकमुखी वर्चस्वाविरुद्ध निघालेल्या जाहीर पत्रावरही त्यांची सही होती. वेगळं काम करणाऱ्यांना निधी आणि दुर्बिणीचा वेळ मिळत नाही, ही त्यातली तक्रार ऐकण्याजोगीच होती. पण सह्यांनी महास्फोट पडत नाही आणि सह्यांनी तो टिकतही नाही. पुरावा नारळीकरांच्या बाजूने गेला नाही, असं माझं मत आहे. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले तेव्हा त्यांना मानवंदना देणाऱ्यांत त्यांच्याशी असहमत असलेलेही होते.

सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. विश्व किती वेगाने प्रसरण पावतं याचा आकडा (दर मेगापार्सेकला सेकंदाला किती किलोमीटर) त्या प्राचीन प्रारणावरून सुमारे ६७ येतो, तर जवळच्या दीर्घिकांमधल्या ताऱ्यांवरून ७३. कोणाची चूक, की सिद्धांतातच काही राहिलं आहे, हे ठरायचं आहे. हा खराखुरा मतभेद आहे, आणि तो आहे म्हणून बाकी सगळं डळमळीत आहे असं मुळीच नाही.

वाचकांना एक विनंती. गुरू आणि शनी यांची पुढची युती २०४० साली ऑक्टोबरच्या अखेरीस आहे, ऐन दिवाळीच्या तोंडावर. दोघांत अंशाहून थोडं अधिक अंतर असेल आणि ते पहाटे पूर्वेला, सूर्योदयापूर्वी दिसतील. घरात जे पंचांग येत असेल ते त्या दिवाळीत जपून ठेवा, अभ्यंगस्नानाआधी मुलाबाळांना घेऊन गच्चीवर जा, आणि पंचांगातले दोन आकडे वर दिसणाऱ्या दोन ग्रहांशी ताडून पाहा.